वीस ग्रॅम

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवी वही, नवं पेन. वही माझ्या खाऊच्या पैशांतली, पेन आत्याने दिलेलं. शाईचं आहे, चांगलं जाडजूड. शाळेच्या समितीवर माझी निवड झाली, त्याचं कौतुक आमच्या घरात एवढ्या एकाच माणसाला वाटलं. आई म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीय, ते विसरू नकोस." बाबा म्हणाले, "पैसे वाटायची समिती? मग सुरुवात घरापासून कर की." आत्या उठून खोलीत गेली आणि हे पेन घेऊन आली.

समिती म्हणजे काय ते लिहून ठेवते, नाहीतर मोठेपणी वाचताना मलाच कळायचं नाही. आमच्या शाळेतले एक जुने विद्यार्थी पुढे लिफ्ट बसवायच्या धंद्यात पडले आणि गडगंज झाले. जाताना त्यांनी बरेच पैसे ठेवले, पण शाळेसाठी नाही. दरवर्षी नववीतल्या नऊ मुलांनी मिळून ते गावातल्या कुठल्यातरी एकाच चांगल्या कामाला द्यायचे. कुठल्या, ते मुलांनी ठरवायचं. शिक्षकांनी फक्त खोलीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे वाचून दाखवताना भूगोलाच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नऊ जणांत कॅल्क्युलेटर आहे, तो गणितात कधी चुकत नाही. वकील आहे, ती कधी हरत नाही. आणि मी, फूटपट्टी. चौथीत मी बाक मोजून बरोब्बर मधोमध रेघ मारली होती, तेव्हापासून हे नाव पडलं. त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. शेजारणीकडे खरोखरच दोन सेंटिमीटर जास्त होते.

आत्याबद्दलही लिहायला हवं. ती आमच्याकडे राहायला येऊन सात आठवडे झाले. तिचे मिस्टर जहाजावर इंजिनियर आहेत, मेपर्यंत येऊ शकत नाहीत. तिला बाळ होणार होतं. झालं, पण ते जन्मलं तेव्हाच गेलेलं होतं. घरात याबद्दल बोलायचं नाही. आईने मला बजावलंय, आईला बाबांनी बजावलंय. त्यामुळे आम्ही भाजी, बातम्या आणि माझे मार्क यांवर भरपूर बोलतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नकाशांच्या खोलीत पहिली बैठक. कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे उभे, मध्ये लांब टेबल, आणि खिडकीतून सायकलींचा तळ दिसतो. बाईंनी लिफ्टवाल्या आजोबांचं पत्र वाचलं. एकूण पाच नियम. कोणाला शब्द द्यायचा नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघायचं. वगैरे. पाचवा नियम मजेशीर आहे. ज्या कामात आपलं माणूस गुंतलेलं असेल, त्या कामाची चर्चा आणि मतदान होताना आपली खुर्ची खिडकीकडे फिरवायची. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, मागे बघायचं नाही. कारण कोणी विचारायचं नाही आणि आपण सांगायचं नाही.

वकील लगेच उठली. "आपलं माणूस म्हणजे नक्की कोण? शेजारी धरायचे का? शेजाऱ्यांचा कुत्रा?"

बाईंना बोलायला बंदी, पण हा प्रश्न नियमाचा होता म्हणून त्या बोलल्या. "ज्याचं वाईट झालं तर तुझ्या घशाखाली घास उतरणार नाही, ते आपलं माणूस." वकील चक्क खाली बसली.

तेवीस अर्ज होते. दोन तास भांडून तीन उरले. भटक्या कुत्र्यांचा निवारा. म्हाताऱ्यांच्या घरी पुस्तकं पोचवणारी गाडी. आणि सरकारी दवाखान्यातली दूधपेढी. तिसरं नाव वाचल्यावर मागची तीन मुलं टेबलाखाली तोंड घालून हसली. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना त्यांच्या आयांचं दूध पुरत नाही, म्हणून दुसऱ्या बाया आपलं दूध देतात. ते तपासून, तापवून, गोठवून ठेवतात. त्यांचा फ्रीझर जुना झालाय, अधूनमधून बंद पडतो आणि दूध फेकावं लागतं. नवा हवाय.

अर्जांवर पहिला शेरा लिहायचं काम माझं. कुत्र्यांना दहापैकी आठ दिले, पुस्तकांना सात, दूधपेढीला तीन. सरळ हिशेब आहे. त्याच रकमेत निवाऱ्यात तीनशे कुत्री राहतील. दूधपेढीत एका वेळी अकरा बाळं. अकरा! अर्जात लिहिलंय की सगळ्यात लहान बाळ एका वेळी दोन मिली दूध पितं. मी घरी येऊन खोकल्याच्या औषधाच्या टोपणात दोन मिली पाणी मोजलं. टोपणाचा तळसुद्धा धड भिजला नाही. टेबलावर ओतलं तर बोटाच्या पेराएवढं थारोळं झालं. हेसुद्धा शेऱ्यात लिहिलं, "दोन मिली म्हणजे बोटाच्या पेराएवढं. एवढ्याशासाठी एवढा मोठा फ्रीझर?" वाक्य चांगलं जमलंय. या पेनाने सगळीच वाक्यं जमतात.

आत्याच्या निळ्या पिशवीचा पट्टा तुटला होता, तो मी लाल दोऱ्याने शिवून दिला. प्रत्येक टाका अर्धा सेंटिमीटर. "एवढं मोजून शिवतात का गं," म्हणाली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. ती पिशवी घेऊन ती एक दिवसाआड सकाळी पाय मोकळे करायला जाते. पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते, कोण जाणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज बाबांची फ्रीझर साफ करायची पाळी होती. आमच्याकडे आईने पाळीपत्रक लावलंय आणि त्यात दयामाया नसते. आई आणि आत्या बाजारात. बाबा म्हणाले, "माझी पाळी तू करशील तर सायकलला नवी घंटी." मी म्हटलं, "दोन वेगवेगळ्या आवाजांची?" सौदा पटला.

बर्फ चार बोटं जाड. मटार, मागच्या वर्षीचे मटार, आइस्क्रीमचा डबा ज्यात आइस्क्रीम सोडून सगळं होतं. आणि पार मागे, मटाराच्या आड, नऊ छोट्या बाटल्या. आत पिवळट पांढरं काहीतरी गोठलेलं. वर चिकटपट्टी, त्यावर तारीख आणि इंग्रजी सातचा आकडा, पोटात आडवी रेघ मारलेला. नाव ना गाव. आईचा कुठला तरी फसलेला पदार्थ असणार, तिला टाकवत नाही आणि खाववतही नाही. मी सगळ्या कचऱ्यात टाकल्या आणि कचरागाडी आली तेव्हा बादली स्वतः नेऊन रिकामी केली. फ्रीझर आता आरशासारखा लखलखतोय. बाबांनी आईला सांगितलं, "बघ, कसा घासलाय." आणि आई चक्क खूश झाली!

संध्याकाळी बाबा आत्याच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लालभडक होते. मला गॅलरीत बोलावलं. "हे बघ, फ्रीझर तू साफ केलास हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचं नाही. मी केला. कळलं?"

"आईला कळलं तर पाळीपत्रकाचं बिंग फुटेल म्हणून ना?"

"हो," बाबा म्हणाले. "म्हणूनच." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. घंटीबरोबर मोठं चॉकलेटही देणार आहेत. लाच असावी तर अशी.

सोमवार, १० फेब्रुवारी

आत्या आणि बाबांचं काहीतरी बिनसलंय. आत्या ताट घेऊन खोलीत गेली. बाबांनी हाक मारली, "छोटे, इथे बस ना." तिने वळूनही बघितलं नाही. आई दोघांच्या मध्ये सापडलीय, इकडे आड तिकडे विहीर. मला वाटतं पंख्यावरून झालं असेल, आत्याला पंखा चालत नाही. मोठी माणसं कशावरूनही अबोला धरतात आणि वर आम्हाला समजूतदारपणा शिकवतात.

आत्याच्या खोलीतून परत ते घुर्र-घुर्र ऐकू आलं. पाठ शेकायचं मशीन आहे म्हणते. बिचारीची पाठ फारच दुखत असणार, दिवसातून सहा वेळा लावते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कुत्र्यांच्या निवाऱ्याला भेट. तीन पायांची एक कुत्री माझ्या मागे मागे फिरली आणि माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपली. वकीलसुद्धा विरघळली. निवारेवाले काका दाढीत पिसवा असल्यासारखे सारखे खाजवत होते, पण माणूस सोन्यासारखा. प्रत्येक कुत्र्याची तब्येत त्यांना तोंडपाठ. माझे आठचे नऊ झाले.

आत्या-बाबांचा अबोला चालूच. बाबा तिच्या दाराबाहेर चहा ठेवतात, ती तो तसाच गार होऊ देते. नवी घंटी मात्र झकास वाजते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दूधपेढी बघितली. आज लिहीत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज लिहिते. कालपासून काही गिळवत नाहीये.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला दोन खोल्या. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, तेही भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं बघून. टेबलाखाली हसलेली मुलं सगळ्यात जास्त घासत होती. तिथल्या सिस्टर ठेंगण्या, पन्नाशीच्या, बोलताना हाताने काहीतरी पुसत राहणाऱ्या. त्यांनी आधी आम्हाला काचेपलीकडून बाळं दाखवली.

मला वाटलं होतं लहान बाळ म्हणजे लहान बाळ असतं. हे तसं नव्हतं. काचेच्या पेटीत, टोपी घातलेलं, माझ्या हाताच्या पंज्यात मावेल असं एक अख्खं माणूस होतं. आठशे नव्वद ग्रॅम. त्याला नखं होती. नखं! मोहरीपेक्षा लहान, पण प्रत्येक बोटाला एकेक, बरोब्बर. ते जांभई देत होतं. त्याच्या नाकात दोऱ्यासारखी नळी, नळीला पिचकारीचं नुसतं नळकांडं, दट्ट्या काढलेला. सिस्टरनी त्यात दूध ओतलं आणि ते नळकांडं हातात उंच धरून उभ्या राहिल्या. कॅल्क्युलेटरने दाराच्या फटीतून विचारलं, दट्ट्याने ढकलत का नाही?

"ढकलायचं नाही. त्याचं त्याला उतरू द्यायचं," सिस्टर म्हणाल्या. "घाई केलीस तर त्याला झेपत नाही."

आम्ही नऊ जण काचेला नाक लावून ते दोन मिली दूध उतरताना बघत होतो. कोणी हललं नाही. तीन-चार मिनिटं लागली असतील. मी आजवर इतकी मोठी गोष्ट बघितलेली नाही. डोंगर बघितलाय, समुद्र बघितलाय, शाळेच्या सहलीत धरण बघितलंय. त्यांच्यासमोर मी कधी अशी गप्प उभी राहिले नव्हते.

मग दुसऱ्या खोलीत नेलं. जुना फ्रीझर धापा टाकत होता. कॅल्क्युलेटरने विचारलं, "किती वाया जातं?" सिस्टर म्हणाल्या, "हा बंद पडला की जातं. आणि कधीकधी घरी जातं. गेल्याच आठवड्यात एकीच्या नऊ बाटल्या घरच्यांनी फेकून दिल्या. इथे या स्टुलावर येऊन बसली बाई, तासभर उठली नाही. मला वाटलं, संपलं, आता ही काही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी. म्हणते, सिस्टर, रिकाम्या बाटल्या द्या."

"तिचं स्वतःचं बाळ केवढं आहे?" वकीलने विचारलं.

सिस्टर टेबल पुसत राहिल्या. "काही जणींचं बाळ असतं घरी. काही जणींचं नसतं. दूध येतंच. शरीराला कोण सांगणार?"

आणि बोलता बोलता त्यांनी सकाळी आलेली एक पिशवी उघडली. निळी पिशवी. पट्ट्याला लाल दोरा. अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरचे टाके. आतून त्यांनी चार छोट्या बाटल्या काढल्या. चिकटपट्टी, तारीख, आणि पोटात रेघ मारलेला सात.

बाकीचे पुढे गेले. मी तिथेच उभी होते.

नऊ बाटल्या. एकेक शंभर मिलीची. नऊशे भागिले दोन. साडेचारशे वेळा त्या बाळाचं पोट भरलं असतं, ते मी कचरागाडीत नेऊन ओतलं. आणि वर बढाई मारली की फ्रीझर आरशासारखा लखलखतोय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शाळेतून आले तेव्हा आत्या गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर जमलं नसतं.

"आत्या, फ्रीझर मी साफ केला होता."

तिने उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण केली. "कधी?"

"त्या रविवारी. बाबांची पाळी होती. मी केली. घंटीसाठी."

"नऊही तू टाकल्यास?"

"हो. मला वाटलं आईचं काहीतरी फसलंय. काल नाही, परवा दवाखान्यात तुझी पिशवी बघितली. आमच्या समितीची भेट होती. टाके माझे होते."

आत्या कपड्यांच्या ढिगावरच बसली. मला वाटलं आता ही रडणार किंवा मला मारणार, आणि दोन्ही चाललं असतं. पण ती वेगळंच बोलली. "मग दादा का म्हणाला, मी टाकल्या म्हणून?"

मला माहीत नव्हतं. आणि मग एकदम कळलं. लाल कान, खांद्यावरचा हात, दारात गार होणारा चहा. मला वाटलं होतं ते आईला घाबरतात!

"मी त्याला काय काय बोलले गं," आत्या म्हणाली. "म्हटलं, तू मला म्हणत होतास ना, गोळ्या घे, दूध थांबव, विसर आता. मी ऐकलं नाही म्हणून टाकल्यास ना? म्हटलं, तुला माझं बाळ कधी हवंच नव्हतं. भाऊ म्हणवून घेऊ नकोस म्हटलं. मान खाली घालून सगळं ऐकलं त्याने."

मग मी रडले. रडता रडता साडेचारशेचा हिशेबही सांगितला. आत्याने माझं नाक एका धुतलेल्या अभ्र्याने पुसलं. "साडेचारशे. मोजलंस का तू?" म्हणाली. "बरं केलंस. या घरात कोणीच मोजत नव्हतं."

बाबा कामावरून येऊन कांदा चिरत होते, आज त्यांची स्वयंपाकाची पाळी. आत्या सरळ आत गेली आणि ओट्यावरचं फडकं घेऊन तिने बाबांच्या पाठीत दोन-तीन फटके मारले. "खोटारड्या," म्हणाली. "लहानपणापासूनचा खोटारडा." आणि त्यांच्या पाठीला डोकं लावून रडायला लागली. बाबा सुरी हातात धरून तसेच उभे, वळताही येईना. "अगं, पाळी माझी होती," म्हणाले. "म्हणजे चूक पण माझीच ना?" आई दारात येऊन परत गेली. कांदा आजच्याइतका कोणाच्याच उपयोगी पडला नसेल.

बाबांना मी अकरा वर्षं तरी नीट ओळखते असं समजत होते. त्याआधीची तीन धरत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्या मतदान. सकाळी आत्याबरोबर निळी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले आणि मनातलं बोलले. खुर्ची फिरवली तर माझं मत जातं आणि तोंडही बंद. नाही फिरवली तर? सात नंबरची बाई कोण, हे तिथे कोणालाच माहीत नाही. मी उभी राहून सगळं पटवून देऊ शकते. तीनचे दहा करू शकते. आणि तो शेरा माझाच, तो फाडायला तरी नको का?

"माझं नाव तिथे घ्यायचं नाही," आत्या म्हणाली.

"नाही घेणार. म्हणून तर म्हणतेय, कोणाला कळणारच नाही."

"तुला कळेल ना?" तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "हे बघ, मी ते फुकट देते. त्याच्यावर कोणाची मेहेरबानी नको मला, तुझीसुद्धा नको. बाकीच्यांना वाटलं तर देतील."

"आणि नाही वाटलं तर?"

"मग जुना फ्रीझर आहेच, धापा टाकत. सिस्टर त्याला रोज दटावतात." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "मलाही वाटतंय गं, त्यांना मिळावा. फार वाटतंय. पण फिरव तू खुर्ची."

शनिवार, २२ फेब्रुवारी

फिरवली.

दूधपेढीची फाइल टेबलावर आली तशी मी उठले आणि खुर्ची उचलून खिडकीकडे नेली. ओढली असती तर आवाज झाला असता. नियम आहे म्हणून कोणी काही विचारलं नाही, पण आठ जणांची नजर पाठीत टोचते हे आज कळलं. खाली सायकलींचा तळ. माझी सायकल, नवी घंटी. तिच्याकडे बघत बसले.

आधी कॅल्क्युलेटर बोलला. "आपण फूटपट्टीचा शेरा धरून चालू या. तीनशे कुत्री की अकरा बाळं? तीन मार्क तिनेच दिलेत." आणि त्याने माझा शेरा मोठ्याने वाचला. माझी ती जमलेली वाक्यं! एकेक शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू येत होता. ओरडावंसं वाटलं, की ते लिहिणारी मुलगी मूर्ख होती, तिने काही बघितलेलंच नव्हतं. दातांखाली ओठ धरून बसले. त्याने शेवटचं वाक्य वाचलं, "दोन मिली म्हणजे बोटाच्या पेराएवढं. एवढ्याशासाठी एवढा मोठा फ्रीझर?"

मग वकीलचा आवाज आला, "थांब. ते परत वाच."

त्याने परत वाचलं.

"कोणाकडे पाणी आहे?" बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. "पट्टीवर बघा, पेर म्हणजे किती. हां. एवढं." मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. मला मागे बघायचं नव्हतं, पण मला माहीत होतं, टेबलावर काय आहे आणि ते सगळे कुठे वाकून बघतायत ते.

"हे त्याचं अख्खं जेवण," वकील म्हणाली. नेहमीचा भांडायचा सूर नव्हता. "कोणीतरी बाई घरून हे घेऊन येते."

टेबलाखाली हसलेल्यांपैकी एक मुलगा, ज्याने तीन बैठकांत तोंडातून शब्द काढला नव्हता, तो म्हणाला, "त्याला नखं होती." बस, एवढंच बोलला.

कुत्र्यांबद्दल, पुस्तकांबद्दलही बरंच बोलणं झालं. कॅल्क्युलेटर शेवटपर्यंत तीनशेवर ठाम होता, आणि त्याचंही खोटं नव्हतं. ती तीन पायांची कुत्री मला आठवत होती. मग बाई म्हणाल्या, "हात वर करा." कपड्यांची सळसळ. खिडकीच्या काचेत काही दिसतंय का असं वाटलं, म्हणून मी डोळे मिटून घेतले. लिफ्टवाले आजोबा, बघा, मी डोळेसुद्धा मिटले.

"कुत्र्यांचा निवारा, दोन," बाई म्हणाल्या. "पुस्तकांची गाडी, एक. दूधपेढी..." आणि थांबल्या. आठातून तीन गेले, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मला, फूटपट्टीला! "पाच."

मी खुर्ची फिरवली तेव्हा टेबलावरचं थारोळं अजून तिथेच होतं. कोणी पुसलं नव्हतं. बाईंनी जाताना माझ्या खुर्चीची पाठ जरा थोपटली. खुर्चीची! माझी नाही.

घरी सांगितल्यावर आत्या "बरं झालं" म्हणाली आणि लगेच न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाबांनी मला सायकलवरून गावभर घंटीचे दोन्ही आवाज काढत फिरवलं. ते मागे बसले होते आणि मी चालवत होते, म्हणजे फिरवलं मीच.

मंगळवार, ११ मार्च

नवा फ्रीझर आला. आज आत्याने मला बरोबर नेलं. "ही माझी भाची," तिने सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी मला ओळखलं, पिशवीच्या पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेबल पुसायला लागल्या. नवा फ्रीझर बिलकूल आवाज करत नाही. सिस्टर म्हणतात, करमत नाही हो, कोणाला दटावू आता.

काचेपलीकडे ते बाळ अजून आहे. आता एक किलो दोनशे साठ. टोपी बदललीय, आधीची लहान झाली. आमच्यासमोर त्याला वजनाच्या ताटलीत ठेवलं. कालच्यापेक्षा वीस ग्रॅम जास्त भरलं, तर आतल्या दोन्ही नर्स हसल्या, सिस्टरनी काचेवर टकटक करून आम्हाला दोन बोटं दाखवली, मग शून्य. आत्याने माझा हात इतका जोरात धरला की अंगठी रुतली. मी म्हटलं, "तुझं असेल का गं त्यातलं?" ती म्हणाली, "कोणाचं का असेना. वाढलं ना?"

घरी येऊन मी वीस ग्रॅम म्हणजे केवढं ते शोधलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवत गेले. खोडरबर कमी भरलं, किल्ल्यांचा जुडगा फार जास्त. हे पेन भरलं बरोब्बर वीस. टोपणासकट. म्हणजे कालपासून आजपर्यंत त्या बाळाने अख्खं एक पेन अंगाला लावलं. किती बायांनी, किती घुर्र-घुर्र करून दूध काढून, किती पिशव्या उचलून. मी पेन हातात घेऊन तशीच बसून राहिले.

आत्या आली आणि माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "काट्यावर काय चाललंय?" मी सांगितलं. तिने पेन घेतलं, तळहातावर तोललं, परत दिलं.

"तुला मोजलेलं लिहून ठेवायची सवय आहे ना?"

"आहे."

"मग एक लिहून ठेव. घरात कोणी विचारलंच नाही. माझ्या मुलीचं वजन. दोन किलो आठशे चाळीस."

बाबा दारात उभे होते. आत आले आणि आत्याच्या पलीकडे, ओट्याला टेकून बसले. "सांग छोटे," म्हणाले, "अजून सांग तिच्याबद्दल." आणि तिने सांगितलं. केस भरपूर होते. डाव्या कानामागे तीळ होता, आजीला आहे तसा.

दोन किलो आठशे चाळीस ग्रॅम. लिहिलं.